दोन पहिली पानं

१७ मार्च, दुपार

ती. बाबा,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण माझा आवाज ऐकला की तुम्ही "आईला देतो" म्हणता आणि माझं अर्धं वाक्य आईच्या कानात जाऊन पडतं. पत्र तरी तिच्या हातात देण्याआधी तुम्ही उघडाल, एवढीच आशा.

ऑफिसजवळच्या माझ्या खोलीतला नळ अखेर दुरुस्त झाला. तुम्ही आईमार्फत कळवलं होतंत तसंच निघालं, वायसर झिजला होता. घरमालकीणबाईंनी विचारलं, "तुला गं कसं कळलं?" म्हटलं, "बाबांना न बघताच कळलं." खोकला गेला. ऑफिसातली खुर्ची मात्र अजून तीच, एका बाजूला कलणारी. आमच्या पेपरसारखी, असं तुम्ही म्हणणार हे ठाऊक आहे, म्हणून मीच म्हणून टाकते.

पेपरबद्दलच लिहायचं आहे. गेल्या निवडणुकीत बस डेपोच्या मोर्चाला आमच्याकडे 'जमाव' छापून आलं आणि नगराध्यक्षबाईंच्या सभेला 'जनसागर'. तुम्ही अंक उलटा करून माझ्या ताटाशेजारी ठेवलात आणि म्हणालात, "या जमावात तुझा बाप होता." दुसऱ्या दिवसापासून घरात आमचा पेपर बंद झाला आणि त्याच्या जागी दुसरा सुरू झाला. मी तेव्हा म्हटलं होतं, मी बातम्या लिहीत नाही, पानं लावते. मजकूर एकाचा, फोटो दुसऱ्याचा, मी फक्त कशाला किती जागा ते बघते. खोटं नव्हतं ते. पण उत्तर म्हणून काही कामाचं नव्हतं.

मतमोजणीच्या दिवशी आमचा जादा अंक निघतो, संध्याकाळी. निकाल दुपारी लागतो आणि एवढ्या वेळात पहिलं पान उभं राहत नाही, म्हणून ते आधीच करून ठेवतात. कोण जिंकणार हे माहीत नसतं, म्हणून दोन करतात. एक बाई परत जिंकल्या तर, एक तुमचे डेपोतले दोस्त भोंगाकाका जिंकले तर. दोन्हींतलं एकच लागतं.

बाईंचं पान कधीच तयार होतं. त्या डॉक्टरकी करत होत्या तेव्हाचा एक जुना फोटो मिळाला होता. शाळेतल्या एका मुलीच्या डोळ्यांत बॅटरी धरून बघताहेत, आणि मुलगी हसू दाबते आहे. शेजारी नव्या पाणीयोजनेचा नकाशा, खाली बाईंच्या आईची मुलाखत. फार देखणं पान. मीच लावलं होतं. भोंगाकाकांच्या पानावर वर 'अनपेक्षित निकाल' असा मथळा, खाली राखाडी चौकोन, त्यात 'फोटो इथे'. बाकी कोरं.

मी मुख्य उपसंपादकांना विचारलं, "याचा मजकूर?"

"टाक काहीतरी. लागणार थोडंच आहे?"

"आणि लागलं तर?"

"लागलं तर मिशी उतरवतो."

सगळे हसले. मीही हसले.

बाबा, तुम्हाला पटणार नाही, तरी लिहिते. वरून कोणी काही सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणता तसं पाकीट नाही, कोणाचा फोन नाही. आमच्याकडे कोणाच्याच ओळखीत भोंगाकाकांना मत देणारा माणूस नव्हता, एवढंच. ज्याचे त्याचे शेजारी, मित्र, सासरे, सगळे बाईंचे. मग दुसरं पान भरायला सुचणार कुठून? आणि जिच्या ओळखीत असा माणूस होता, ती गप्प बसून हसत होती.

त्या हसण्याचं मला घरी गेल्यावरही बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी फोटो शोधायला बसले. आमच्याकडे भोंगाकाकांचे फोटो ढिगाने, पण प्रत्येकात तोंड उघडं. मूठ वर आणि तोंड उघडं, हातात माईक आणि तोंड उघडं. एकात तर बिचारे चक्क जांभई देत होते आणि खाली ओळ होती, 'आक्रमक पवित्रा'. तेव्हा मला तुमचं बोलणं आठवलं. इंजिनांच्या आवाजात वर्षं काढून त्यांचा डावा कान गेला, आपलाच आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून ते ओरडतात. हे तुम्ही मला लहानपणी जेवताना सांगितलं होतंत. सगळं शहर त्यांना तापट समजतं, आणि आम्ही 'आक्रमक' छापत राहतो. कोणी विचारलंच नाही.

मी फोन केला. ओळख दिली नाही, पेपरमधून बोलते म्हटलं. कानाचं छापलं तर चालेल का विचारलं.

"छाप की!" फोन लांब धरावा लागला. "आता तरी लोक बऱ्या कानाकडून बोलतील. पण मी हरलो तर या पानाचं काय?"

"टोपलीत."

"आणि जिंकलो तर बाईंचं?"

"तेही टोपलीतच."

ते म्हणाले, "म्हणजे कोणाचं तरी कौतुक वाया जायचंच म्हण."

मजकूर झाला, पण फोटो हवाच होता. तो आईने पाठवला. तिच्यावर रागावू नका, कशासाठी हवा ते मी सांगितलं नव्हतं.

तुमच्या निरोप समारंभातला आहे. तुम्ही बाकावर बसला आहात आणि भोंगाकाका गुडघे टेकून तुमच्या बुटाची नाडी बांधताहेत. तोंड मिटलेलं, सगळं लक्ष गाठीकडे. तुमची कंबर तेव्हा वाकत नव्हती आणि ते चारचौघांत कळू द्यायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणून मी फोटो तुमच्या गुडघ्यांखाली कापला. पानावर भोंगाकाका आहेत आणि बूट आहेत. तुमचा चेहरा नाही, नाव नाही. पण डाव्या बुटाच्या टोकाला तुम्ही टायरच्या रबराचं ठिगळ लावलं होतंत, ते काही कापता येण्यासारखं नव्हतं.

तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही नाही म्हणाला असतात.

काल दुपारी आकडे फिरले. सगळे टीव्हीपुढे उभे होते, ते एकेक करून आपापल्या जागेवर जाऊन बसले. मिशीचा विषय कोणी काढला नाही. संपादकसाहेब माझ्या टेबलाशी आले. राखाडी चौकोन बघायच्या तयारीनेच आले असावेत.

"दुसरं पान उघड."

उघडलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे कोणी करायला सांगितलं?"

"कोणी नाही."

"बूट कोणाचे?"

"एका मेकॅनिकचे."

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि मथळ्यावर बोट ठेवलं. "अनपेक्षित कोणाला? आपल्याला. तो शब्द काढ." बाकी पान होतं तसं गेलं. माणूस वाईट नाही, बाबा.

बाईंच्या पानाची तपासायला काढलेली प्रत माझ्या टेबलावर पडली होती. ती टोपलीत टाकण्याआधी मात्र मी पुन्हा एकदा वाचली. का, ते सांगितलं नाही तर हे पत्र अर्धंच राहील.

एव्हाना तुम्हाला वाटलं असेल, पोर शेवटी आपल्या बाजूला आली. तसं नाही. मी मत बाईंना दिलं. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी त्या तिचा हात धरून बसल्या होत्या, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आणि माझ्या नळाला पाणी आलं ते त्यांच्याच योजनेतून. भोंगाकाका मनाने सोन्यासारखे आहेत, पण शहर चालवतील याची मला खात्री वाटली नाही. दुसरं पान मी त्यांच्यासाठी नाही केलं. त्या राखाडी चौकोनात मला सारखे तुम्ही दिसायला लागलात, म्हणून केलं.

डेपोतल्या कोणी बूट ओळखण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं.

तुमची,
पानं लावणारी
ठमी


२१ मार्च

चि. ठमी,

आशीर्वाद. रागाच्या भरात देऊ नयेत म्हणून थोडा थांबून लिहितो आहे.

तुझं पत्र उशिरा आलं, बूट आधी आले. निकालाच्या संध्याकाळीच डेपोवाल्यांचे फोन सुरू, "ठिगळ ओळखलं हो!" मग भोंग्याचा आला. तो मी टेबलावर ठेवून ऐकला आणि तुझ्या आईने स्वयंपाकघरातून. शेवटी चपला घालून कोपऱ्यावर गेलो. पेपरवाला म्हणतो, "काका, नाव चुकलं का? हा तर लेकीचा पेपर." म्हटलं, "गुमान दे."

संताप आला. सांगून ठेवतो, खोटं कशाला बोलू? कंबरेचं दुखणं मी शेवटच्या दिवसापर्यंत झाकलं आणि तू ते चौकात टांगलंस. हो, नाहीच म्हणालो असतो. तरी विचारायचं असतं. नाही म्हणायचा माझा हक्क तू घेतलास.

पण दुसऱ्या दिवशी डेपोत गेलो तर बुटाला कोणी हसेना. सगळे नाडी बांधणाऱ्याकडे बघत होते. एक म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, "याचं तोंड मिटलेलं पेपरात पहिल्यांदा बघितलं." मग मीही परत बघितलं.

मताचं म्हणशील तर पत्र मी मोठ्याने वाचत होतो, आई शेजारी होती. तुझी कबुली ऐकली आणि म्हणाली, "बरं झालं बाई, आता मलाही लपवायला नको." म्हणजे बाहेर जिंकलो तरी या घरात मी कायमचा विरोधी पक्ष. असो.

आता माझं ऐक. तुमचा पेपर कललेला आणि माझा सरळ, असं मी म्हणत आलो. निकालाला माझ्या पेपरने बाईंचा फोटो छापला, तो डोळे मिटलेला. पापणी लवताना टिपलेला. चांगले सोडून तोच शोधून काढला असणार. डोळ्यांच्या डॉक्टरचा! आईने बघितला, अंक उलटा केला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्या दिवशी भोंग्याचा विजय मला काही गोड लागला नाही.

म्हणून एक काम सांगतो. बाईंचं ते पान टोपलीत टाकलं असशील तर काढ. त्या पोरीच्या डोळ्यांत बॅटरी धरलेला फोटो आईला बघायचा आहे. मलाही. रविवारी घेऊन ये. छापलेलंही आण, माझी प्रत डेपोवाल्यांनी नेली ती परत दिली नाही. दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी ठेवू आणि मग काय भांडायचं ते भांडू. फोन करशील तेव्हा आईला देणार नाही.

पेपर परत लावणार नाही, ती आशा धरू नकोस.

तुझा,
गुडघ्यांपासून वर कापलेला
बाप