चार तारखेचं पत्र

मंगळवार, दि. २

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

फोन ह्यांच्या उशाशी असतो, म्हणून हा कागद. सासूबाई गेल्यापासून सहा वर्षांत तुम्ही आमच्या घराची पायरी चढला नाहीत, पण माझ्या पत्राला उत्तर देता. म्हणून तुमच्यापाशीच मन मोकळं करते.

ह्यांची डावी दाढ महिनाभर दुखत होती. काच खांद्यावर घेऊन जिना चढायला लागले की जबड्यात कळ यायची. दंतवैद्यांनी दाढ काढली. त्याला पंधरा दिवस झाले. दाढ गेली, दुखणं तिथंच आहे. परवा एका गिऱ्हाइकाकडे खिडकी बसवायला गेले, तर अर्ध्या जिन्यात काच टेकवून बसले. दहा मिनिटांनी कळ आपोआप गेली. मग म्हणाले, दंतवैद्याने चुकीची दाढ काढली. आता शेजारची काढायला निघालेत. असंच चाललं तर वर्षभरात तोंडाचं बोळकं होईल.

सिगारेटची दोन पाकिटं आणि संध्याकाळची बाटली ठरलेली. डावा हात जड वाटतो, म्हणतात काचेच्या वजनानं. जेवल्यावर छाती दाबते, म्हणतात गॅस आहे. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात. मागच्या महिन्यात तुमच्या दुकानात कोटाचं माप द्यायला आले होते, तेव्हा तुम्हाला काही जाणवलं का? तुमच्या नजरेतून टाकाही सुटत नाही. मला धास्ती वाटते, खरं काय ते सांगा.

ह्यांच्यावरचा राग ह्यांच्यापुरता ठेवा, माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची,
वहिनी


गुरुवार, दि. ४

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. मशीन थांबवून वाचलं, आणि खोटं कशाला बोलू, खूप दिवसांनी मला बरं वाटलं.

विचारलंस म्हणून लिहिते. माझ्या दुकानाला बावीस पायऱ्या आहेत. दादा चौदाव्या पायरीवर थांबला. वर आला तेव्हा गारठ्याच्या दिवसांत कपाळावर घाम, आणि तोंडाचा रंग जुन्या अस्तरासारखा. मापासाठी डावा हात वर करायला सांगितला, तर अर्ध्यावर नेऊन सोडून दिला आणि जबडा चोळत बसला. पाच मिनिटांनी ठणठणीत. वर मला सांगतो, आतला खिसा मोठा ठेव, सिगारेटचं पाकीट मावलं पाहिजे. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. नसत्या तरी मी बोलले नसते.

कारण हे दुखणं मला पाठ आहे. आईचं असंच सुरू झालं होतं. तू तेव्हा तुझ्या वडिलांच्या आजारपणात माहेरी होतीस, तुला ठाऊक नाही. पाण्याची बादली उचलली की तिचा जबडा दुखायचा, खाली ठेवली की थांबायचा. आम्ही दाढ दाढ करत बसलो. मग डावा हात. मग जेवल्यावर छातीवर कोणी बसल्यासारखं. मग तो रविवार. दुपारी एकला तिला गार घाम फुटला, मळमळायला लागलं, आणि घरात दादा एकटा, पुढ्यात भरलेला ग्लास. त्याने तिला सांगितलं की गॅस आहे, सोडा पी, संध्याकाळी बघू. पाच वाजता मी पोहोचले तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो आजवर सांगत आलाय की आईला झोप लागली म्हणून त्याचाही डोळा लागला.

करावं तसं भरावं. तूही त्याला सोडा दे, वहिनी, आणि सांग की संध्याकाळी बघू. सहा वर्षं मी ह्याची वाट पाहिली आहे. सुंठीवाचून खोकला जातोय, मी कशाला मध्ये पडू? कोट मात्र पुरा करीन, आणि चांगला करीन. कामात मी सूड उगवत नाही.

लोभ आहे तो तुझ्यापुरता. त्याच्या वाट्याला माझ्याकडे चिंधीसुद्धा नाही.

तुझी,
नणंद

ता. क. वरचं सगळं एखाद्या डॉक्टरला वाचून दाखवलंस, तर तो दादाला घरी परत पाठवणार नाही. तेव्हा दाखवू नकोस.


गुरुवार, दि. ११

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मंगळवारी दुपारी हातात पडलं. वाचून तुमचा इतका राग आला की हातातलं पातेलं खाली आपटलं. मग ता. क. वाचला आणि चपला घातल्या.

ह्यांना सांगितलं की दंतवैद्यांनी ताबडतोब बोलावलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांच्याशी खोटं बोलले आणि ते खपलं. रिक्षा इस्पितळाच्या दारात थांबली तेव्हा ह्यांनी आरडाओरडा केला, पण उतरून चार पावलं चालले आणि जबडा धरून बाकावर बसले. मला काही धड सांगता येईना, म्हणून तुमचं पत्रच डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, सोड्याच्या ओळीवर जरा थांबले, आणि लिहिणारी बाई नर्स आहे का असं विचारलं. शिवणकाम करते, मी सांगितलं. त्यांनी लगेच ईसीजी काढला.

ते म्हणाले की एक झटका आधीच येऊन गेलाय, बहुतेक शनिवारी. शनिवारी हे घामाघूम होऊन ओकले होते. आम्ही तो आदल्या संध्याकाळचा प्रताप समजलो. हृदयाचा एक भाग निकामी झालाय, तो आता परत यायचा नाही. जीव वाचला. काच मात्र पुन्हा उचलायची नाही.

आणखी एक. पत्रावर तारीख चार आहे, पाकिटावर शिक्का आठचा. हे विचारत होते. मी सांगितलं की टपालखातं ढिसाळ आहे. खरं काय ते मला विचारायचं नाही.

लोभ पूर्वीइतकाच धरते, पण थोडे दिवस द्या.

तुमची,
वहिनी


सोमवार, दि. १५

चि. टाचणीस,
आशीर्वाद. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव.

लहानपणचं नाव वापरलं, रागावू नकोस. तुझं पत्र वहिनीच्या पिशवीतून काढून वाचलं. टपालखातं मला चांगलं माहीत आहे. आपल्या गावातून पत्र दुसऱ्या दिवशी पोहोचतं.

तुला सहा वर्षं हवं होतं ते लिहून देतो. मला डोळा लागला नव्हता. सोडा दिल्यावर आईने मला तीन वेळा हाक मारली. पहिल्या हाकेला मी आलो आलो म्हटलं. दुसरीला काही म्हटलं नाही. तिसरीला रेडिओचा आवाज वाढवला. उठलो असतो तर तोल गेला असता, आणि तिने तो पाहिला असता. एवढ्याच लाजेपायी.

तू चार दिवस घेतलेस. मी तक्रार करणार नाही.

तुझा,
दादा


बुधवार, दि. १७

ती. दादास,
शिरसाष्टांग लिहायला हात वळत नाही. नमस्कार साधाच.

वहिनीच्या खोट्याचा मी आडोसा घेणार नाही. पत्र चार दिवस माझ्या शिवणाच्या पेटीत होतं. शनिवारी तिकीट लावलं आणि परत ठेवलं. मला तू मरायला हवा होतास. रविवारी कोटाच्या डाव्या बाहीला अस्तर लावायला घेतलं, तर ती रिकामी बाही हातात धरवेना. सोमवारी पत्र टाकलं. शनिवारी तुझ्या हृदयाचा जो भाग गेला, तो माझ्या पेटीत गेला. सूड घेतला की हलकं वाटतं म्हणतात. तसं काही झालेलं नाही.

रेडिओचं वाचलं. ते मी माफ करणार नाही. तू मेलास तरी करणार नाही, तेव्हा मरण्यात तुझा काही फायदा नाही. सिगारेट आणि बाटली पुन्हा हातात दिसली तर तुझं पत्र आख्ख्या बाजाराला वाचून दाखवीन. कोटाचा आतला खिसा शिवून बंद केलाय.

लोभ असावा असं अजून लिहवत नाही.

टाचणी

ता. क. कोट तयार आहे. बावीस पायऱ्या चढायच्या नाहीत. खालच्या पायरीवर बस आणि हाक मार. एकदाच मार, मी पहिल्या हाकेला खाली येईन.