गोळ्यांची समान वाटणी

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे ते विचारत नाही, गुडघा किती सुजलाय ते तुझ्या बायकोने सांगितलंय. माझे गुडघे पूर्वीसारखेच, तोंड मात्र ठणठणीत आहे.

तर झालं असं, की इथल्या दवाखान्यातली एक तरुण डॉक्टरीण गुडघेदुखीच्या नव्या गोळीचा अभ्यास करतेय आणि त्यात मीही होते. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कोणाला कुठली, हे तिलाही ठाऊक नाही. आता चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला हा अन्याय कसा बघवेल? (वर्गात मी खडूसुद्धा मोजून वाटायचे.) दवाखान्याच्या बाकावर आम्ही अभ्यासातल्या पाच जणी असायचो. गोळ्यांच्या पाचही डब्या रुमालावर ओतल्या, नीट कालवल्या आणि सारखे वाटे केले. सगळ्या खूश. दोन आठवड्यांनी मी हे अभिमानाने डॉक्टरला सांगितलं, तर ती मटकन खुर्चीत बसली. आम्ही पाचही जणी बाद. महिनाअखेरपर्यंत पाच नवी माणसं मिळाली नाहीत तर अभ्यासच बंद, तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात. ती रागावली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. पण तिने मलाच पाणी हवंय का विचारलं. फार वाईट वाटलं रे मला.

मग मी कंबर कसली. बाग, वाचनालय, दाताच्या डॉक्टरकडची रांगसुद्धा सोडली नाही. लोकांना नवं औषध हवं असतं, पण दुसऱ्या कोणावर तरी तपासलेलं. एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, मला उंदीर व्हायचं नाही. (म्हटलं, उंदराला कोणी विचारत नाही, तुम्हाला विचारतेय.) दुसऱ्या बाईंना खरीच गोळी मिळेल असं लेखी हवं होतं. तरी चार जणांना पटवलंच, पोस्टमास्तरांसकट. मी मनावर घेतलं की काय होतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

तुझी,
ताई

ता. क. पाचवा तू.

आणखी एक. तुझा फॉर्म मी भरून, तुझी सही ठोकून दिलाही होता. डॉक्टरने तो माझ्यासमोर फाडला. म्हणाली, ज्याचा गुडघा त्यानेच वाचायचं, शंका विचारायच्या, मग सही करायची. आणि नको वाटलं तर कधीही सोडून जायचं. हे तुला जसंच्या तसं कळवायला तिने बजावलंय, म्हणून लिहिलं. नाही म्हणायची तुला पूर्ण मोकळीक आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघ, मी घ्यायला येते.