मोटारसायकलला लावलेलं दुबेळकं

उस्ताद, तुम्हाला माती दिली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी आज लिहायला बसलोय. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं, लढाई नुकतीच संपली होती आणि फौजेनं विकायला काढलेली एक मोटारसायकल मी घेऊन आलो होतो. अमडापूरकडच्या जमीनदाराचा मुलगा, हौसेला काय तोटा! ती चालवायला मी शिकलो तुमच्याकडे, बुलढाण्यातल्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे तुम्ही मोटारी दुरुस्त करायचात. मला रागावण्याची घरात कुणाची छाती नव्हती. तुम्ही मात्र सरळ म्हणायचात, "छोटे मालक, हे लोखंड आहे, तुमच्या घरचा गडी नाही. दटावल्यानं आयकत नाही." मला राग यायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी परत यायचो.

त्या वर्षी गावच्या शंकरपटात बैलजोड्या पळून झाल्यावर दोन मोटारसायकली पळवायचं ठरलं. एक माझी, दुसरी देऊळगाव राजाच्या एका व्यापाऱ्याची. गाडी हलकी व्हावी म्हणून तुम्ही तिचे दिवे काढले, मडगार्ड काढलं, मागचं स्टँडसुद्धा काढलं. सकाळी पहिल्याच जोडीतला एक बैल धावपट्टीवर बसला तो उठेचना. म्हातारे म्हणाले, लक्षण बरं नाही. मी हसलो. आता प्रश्न असा की आमची पाळी येईस्तोवर गाडी उभी कशी ठेवायची? तुम्ही बांधावरचं निंबाचं झाड दाखवलंत. आमच्या घरात पटाचा छकडा झाडाला टेकवत नसत. सुतकातली गाडी तेवढी झाडाला टेकते, असं मानायचे. पटाच्या छकड्याला जुवाखाली बाभळीचं दुबेळकं, म्हणजे दोन फाट्यांचं लाकूड, टेका म्हणून लावायचं आणि त्याला हळदकुंकू वाहायचं. मी तसंच दुबेळकं आणवलं आणि डाव्या हँडलखाली लावलं.

तुम्ही कपाळाला हात लावता. "छकड्याची दोन चाकं बाजूबाजूले असतात, मालक. याची मांगंपुढं. हे लाकूड एका अंगानं धरते, दुसऱ्या अंगानं कोन धरन?"

"आमच्या घरची रीत आहे," मी म्हणतो. चार लोक ऐकत उभे आहेत, म्हणून जरा मोठ्यानंच म्हणतो.

तुम्ही माझ्याकडे पाहता. मग उजव्या अंगाला जाऊन उकिडवे बसता आणि चेन तपासू लागता. "मंग मी बसतो इकडून."

तिसरी जोडी सुटली ती पट्टी सोडून गर्दीत शिरली. लोक मागे रेटले, गाडीला डावीकडून धक्का बसला आणि ती तुमच्यावर आली. पाय ठेवायची लोखंडी दांडी तुमच्या मांडीत घुसली. खाली नुसतं शेण आणि माती. तुम्ही उठून बसलात, तेलाच्या फडक्यानं रक्त पुसलंत आणि म्हणालात, "मले काही नाही झालं. गाडीले पाहा." मी गाडी पाहिली, उस्ताद. ती पळवली, आणि जिंकलोही. आठव्या दिवशी तुमची दातखीळ बसली. दवाखान्यात धनुर्वात म्हणाले. अकराव्या दिवशी तुम्ही गेलात.

तुमच्या दारात माझ्या वडिलांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ते लाकूड कोनं लावलं होतं?" तुमची बायको आतून ऐकत होती. मी म्हणालो, "उस्तादानंच." कुणालाही शंका आली नाही. जमीनदाराचा मुलगा खोटं कशाला बोलेल? तेव्हापासून जिल्ह्यातला प्रत्येक मिस्त्री सांगतो की एवढा हुशार माणूस, पण स्वतःच्या चुकीनं गेला.

शेड आता तुमचा मुलगा चालवतो. मला चाचा म्हणतो. त्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं होतं, पण लिहिता लिहिता तुम्हालाच लिहिलं गेलं. त्याला मी ते देणार नाही, हे मला पहिल्या ओळीलाच ठाऊक होतं. मागच्या आठवड्यात चहा पुढे करत त्यानं विचारलं, "चाचा, अब्बानं असं काऊन केलं असन? त्याहिले तं सारं समजत होतं." मी चहा घेतला आणि म्हणालो, "चुकते बाबा माणूस." तो बिचारा मान हलवून कामाला लागला.