डाव्या बाजूची शिटी

१४ मार्च, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. साष्टांग घातला तर म्हणशील, "आधी काय हवंय ते सांग," म्हणून साधाच घालते. गुडघा कसा आहे? वहिनीचं ऐकतोस का, की प्लॅस्टर असूनही घरभर लंगडत फिरतोस? इकडे आम्ही सगळे मजेत.

तू दिलेल्या पासांवर रविवारी एकदाचा तुमचा स्टुडिओ बघून आले. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तुझा दोस्त रोज तिथे जिवावर उदार होऊन उड्या मारतो आणि मी फाटकाच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. बघायचा धीरच व्हायचा नाही. या वेळी सासूबाईंनीच हट्ट धरला.

त्यांची काय करमणूक झाली म्हणून सांगू! त्या उघड्या गाडीतून फिरताना तळ्यातून मगर वर आली, तर बाकीचे किंचाळले आणि यांनी छत्री उगारली. पुढे शूटिंगचा रस्ता लागला. बँक, पोस्ट, न्हाव्याचं दुकान, सगळं कसं चकाचक. "आपल्या गल्लीपेक्षा बरं आहे," म्हणाल्या आणि गाडी थांबल्याबरोबर बँकेचं दार ढकलून आत शिरल्या. आत काय, चार टेकू आणि मोकळं आकाश. "अगं बाई, हिला नुसतंच तोंड आहे!" असं म्हणत बाहेर आल्या. हसून हसून माझं पोट दुखलं.

इथेच पत्र संपवावं असं फार वाटतंय, दादा.

दुपारी 'जळती गिरणी'चा खेळ बघायला बसलो. खेळ तूच बसवलेला, त्यामुळे तुला नवीन काय सांगणार. तुझ्या मदतनिसाने तुला फोन केला असेलच, की वाऱ्यामुळे जरा गडबड झाली पण सगळं निभावलं. मी मात्र तिसऱ्या रांगेत होते. मी काय बघितलं ते ऐक.

वारा फिरला होता. तू नेहमी गिरणीच्या उजव्या अंगाला उभा राहून उडीची शिटी देतोस म्हणे, तिथे धुराचा लोट येत होता. म्हणून तुझा मदतनीस डावीकडे जाऊन उभा राहिला. तुझा दोस्त वरच्या सज्जात आला, दोन्ही बाजूंनी जाळ. शिटी वाजली. मला ऐकू आली, सासूबाईंनाही आली, एवढं वय होऊनसुद्धा. तो तसाच उभा. उजवीकडे मान करून वाट बघत उभा.

सज्जा कोसळायला लागला तेव्हा पायाखालचं हललेलं कळून त्याने उडी टाकली. उडी कसली, पडलाच तो. गादीच्या अगदी काठावर. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

पडल्याबरोबर, सुखरूप आहे म्हणून, हात वर करायचा, अशी तुमची रीत आहे ना? हात वर येईना. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा उठत का नाही?" मी म्हटलं, "आई, नाटक असतं ते." लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि मला त्या प्रत्येकाचे हात धरून थांबवावेसे वाटत होते. मग कधीतरी हात वर आला. सासूबाईंनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना अजून काही माहीत नाही.

मी मागच्या बाजूला धावले. तो पाण्याची बाटली घेऊन बसला होता, खांदा सोलवटलेला, तरी हसत होता. "लोकांना जरा ताटकळत ठेवलं," म्हणाला. तुझा मदतनीस मात्र पांढराफटक पडला होता. मी तुझ्या दोस्ताच्या डाव्या बाजूला बसून विचारलं, "फार लागलंय का रे?" पुन्हा विचारलं. तो समोर बघून पाणी पीत राहिला.

गेल्या वर्षी खेळात झालेल्या त्या स्फोटापासून त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं हे मला घरात जाणवायचं. टीव्ही मोठा लावतो, जेवताना मान वळवून बसतो. मी विचारलं की म्हणायचा, "कामात कानांचा काय संबंध? आमच्याकडे सगळं हाताच्या खुणांवर चालतं." मी विश्वास ठेवला. शिटीवर चालतं, हे मला रविवारी कळलं. आणि कमी नाही, त्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नाही, उजवाही आता जेमतेमच चालतो.

घरी येताना त्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, "दादाला यातलं अक्षरही कळता कामा नये. तुला माझी शपथ आहे." त्याच्या डोळ्यांत भीती होती, दादा. पडण्याची नव्हे. तू नव्या खेळात घंटाघरावरची उडी त्याला दिलीस, ती काढून घेशील याची. बायकोचा वाढदिवस विसरतो हा माणूस, पण तू ती उडी त्याला दिलीस तो दिवस पाठ आहे त्याला.

तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. तो कामावर निघाला की परत येईपर्यंत मी दाराशीच घुटमळते. काल हातातून पातेलं पडलं तर मीच ओरडले आणि तो मागे वळलाही नाही. फोन करणार होते, पण तो शेजारी असतो, आणि नसला तरी तुझा आवाज ऐकून मला बोलता येणार नाही.

त्याला वरून खाली उतरव. घंटाघर नको, गिरणीही नको. नव्या पोरांना शिकवायला ठेव, दोऱ्या तपासायला ठेव, काहीही कर. तुझा गुडघा बरा होईपर्यंत थांबू नकोस, आजच फोन कर. आणि उगाच दुसरं कारण पुढे करू नकोस. बायकोने सांगितलं असं स्पष्ट सांग. त्याने माझ्याशी वर्षभर अबोला धरला तरी चालेल. घरात बसून धरू दे.

तुझ्या दोस्ताची शपथ मोडलेली,
तुझी धाकटी