आरशातल्या माणसाचा उजवा कान

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (वाकताना चष्मा पडला, पण नमस्कार पोचला असं समज). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला का? इकडे सर्व ठीक आहे. कानांचं विचारशील, तर एक आहे.

आता लगेच डोळ्यांना पदर लावू नकोस. उजव्या कानावर गाठ आली होती. डॉक्टर म्हणाले, गाठ ठेवली तर माणूस जाईल, त्यापेक्षा कान देऊन मोकळे व्हा. झालो मोकळा. तुला कळवलं नाही, कारण तू रडली असतीस, मग मी रडलो असतो, आणि टाके कोरडे ठेवायला सांगितलं होतं. ऐकू व्यवस्थित येतं (यंत्र शाबूत, फक्त झाकण गेलं, असं आम्ही घड्याळवाले म्हणू). पण चष्मा टेकवायचा कशावर? डोक्यामागून दोरी बांधून पाहिली, तर घड्याळावर मान घातली की चष्मा सरळ उघड्या घड्याळात. तेव्हा दुकान बंद आहे. मी मफलर गुंडाळून घरात बसतो आणि कुणी दार वाजवलं की आतल्या खोलीत जातो. हे मला अजिबात आवडत नाही.

मग कुणीतरी इस्पितळातल्या साचेवाल्यांचा पत्ता दिला. हे गृहस्थ दात, नाक, कान, जे हरवलं असेल ते करून देतात. त्यांच्या फडताळात कवळ्या आणि नाकं अशी मांडून ठेवलीत, की आत शिरल्यावर कुणाकडे बघून नमस्कार करावा तेच कळत नाही. त्यांनी मला कुशीवर निजवलं, उरलेल्या कानात कापूस घातला, भोवती पुठ्ठ्याचं कडं उभं केलं आणि वरून गार गुलाबी लगदा ओतला. हलायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही, कारण गाल हलला की साचा बिघडतो. नेमकं तेव्हाच आमच्या सौभाग्यवतींनी उशीकडच्या बाजूला तोंड आणून विचारलं, की वन्संना आता तरी कळवायचं का. मी जोरात नकारार्थी मान हलवली. साच्यातून जो कान निघाला तो कोबीच्या पानासारखा होता, आणि दोघीतिघी नर्सबाया तो बघायला येऊन गेल्या.

दुसरा साचा छान आला. पण ताई, इथून पुढे माझं डोकं चालेनासं झालं. प्लास्टरचा तो डावा कान मी उजवीकडे लावून पाहिला, तर त्याचं तोंड मागे (पाठीमागून येणाऱ्या गाड्या उत्तम ऐकू आल्या असत्या). तोंड पुढे करावं म्हणून उलटा धरला, तर पाळी वर. आयुष्यभर उलटसुलट आट्यांचे स्क्रू फिरवणारा मी, पण कान काही फिरेना. घरी येऊन आरशासमोर बसलो आणि एकदम लख्ख उजेड पडला. आरशातल्या माणसाचा डावा कान गेलाय आणि उजवा जागच्या जागी आहे. मला हवा तोच. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा आरसा काढून बगलेत मारला आणि साचेवाल्यांकडे जाऊन म्हटलं, यांचा घ्या. त्यांनी आरसा नीट भिंतीला टेकवून ठेवला. मग म्हणाले, "घेतो की. त्यांना बाहेर येऊन खुर्चीत बसायला सांगा." अजूनही माझं नेमकं काय चुकलं ते मला सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

शेवटी त्यांनीच मार्ग सांगितला. रक्ताच्या नात्यातल्या कुणाचा कान जुळत असेल तर त्याच्या उजव्या कानाचा साचा घेता येतो. आमचे मेव्हणे मोठ्या मनाने पुढे आले, पण त्यांचा कान म्हणजे पाकिटावर चिकटवलेलं तिकीट, आणि रक्ताचं नातं तर हिच्याशी. हल्ली मी माणसांचे चेहरे बघत नाही, कानच बघतो. शेजारचे शिंपी आता मला पाहिलं की टोपी खाली ओढतात.

दाजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. काळजी नसावी.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांचे लांब पाळ्यांचे कान आपल्या दोघांनाच आले. तेव्हा तू तुझा उजवा कान घेऊन ये. डावा आणलास तरी चालेल, वेगळा काढून ठेवू नकोस.

पुन्हा ता. क. कुडी काढून ये. साच्यात भोक येईल, ते बुजवता येतं म्हणतात. नाहीच बुजलं तर या वयात मी कुडी घालीन.

वन्सं, पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली चार ओळी लिहिते. साचेवाल्यांनी डावा कान समोर ठेवून मेणात उजवा कोरला, आणि कान कधीच तयार झाला. हुबेहूब आहे. यांनी तो घड्याळाच्या डबीत ठेवलाय आणि लावायला तयार नाहीत. म्हणतात, लहानपणी ताई तोच कान धरून मला घरी आणायची, तिने धरून बघितल्याशिवाय तो माझा कसा म्हणू. तेव्हा लवकर या. फक्त हळू पिरगाळा, गोंदाने बसवायचा असतो.