पोट सुटलेलं मांजर

प्रिय बोकोबा,

हे नाव वाचून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. दारावरच्या पाटीत तुझ्या नावाला मागेपुढे कितीही शेपट्या लागल्या, तरी मांजरांच्या वॉर्डात स्वतःच सांडलेल्या दुधावरून घसरून आपटलेला पोरगा मी पाहिलाय. त्याला ‘सर’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

परवा तू पुन्हा टीव्हीवर दिसलास. टाय छान होता. “प्राण्यांमधल्या कोरोना विषाणूंवर लक्ष ठेवा, हे मी सुरुवातीपासून सांगतोय,” असं म्हणालास आणि मला चहाचा ठसका लागला. अरे, सुरुवातीला मी तिथेच होते ना! तुझ्या छापील परिचयात ती वर्षं नाहीतच, पण आपण दोघं मांजरांची विष्ठा तपासत बसायचो. कितीतरी मांजरांच्या आतड्यात त्यांचा स्वतःचा कोरोना विषाणू मुक्काम ठोकून असतो. फार तर जुलाब होतात, बास. मग एखाद्याच मांजरात तो रूप पालटतो, पोटात पाणी भरतं आणि उड्या मारणारं जनावर बघता बघता संपतं. त्याच एकात का, हे आपल्याला शोधायचं होतं. तुझा हात तर असा बसला होता, की पोटाला नुसती बोटं लावून सांगायचास, हे पाणी आहे, ही चरबी नाही. मला तपासणी करावी लागायची. तेव्हा तुझं फार कौतुक वाटायचं मला. वय लहान होतं.

मग आपल्या लग्नाची बोलणी निघाली आणि तुझ्या आईनं विचारलं, दोघांच्याही अंगाला मांजरांचा वास येत राहणार का? सगळे हसले. तूही हसलास आणि थोड्याच दिवसांत माणसांच्या इस्पितळात रुजू झालास. बोलणी कुठे विरली ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. ते जाऊ दे. त्याचा राग केव्हाच गेला. राग टिकायला समोरचा माणूस तरी तेवढ्या वजनाचा लागतो.

पुढे साथ आली आणि तुझं भाग्य उजळलं. जनावरांचे विषाणू वेगळे, माणसांचे वेगळे, घाबरू नका, असं आधी ठासून सांगितलंस. मालकांकडूनच घरच्या मांजरांना लागण होते असं दिसायला लागल्यावर तू अशी काही कोलांटी मारलीस, की आमच्या वॉर्डातल्या बोक्यांनी शिकून घ्यावी. आणि भीती ओसरल्यावर तुझ्याच समितीनं तो वॉर्ड बंद केला. “साथ संपली, आता मांजरं कशाला?” हे तू बोललास तेव्हा मी टेबलाच्या पलीकडे बसले होते. माझ्याकडे बघायचंही धाडस झालं नाही तुला. बाटलीचं झाकण उघडत-लावत बसलास.

तेव्हापासून मी एका जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत काम करते. खिडकीखाली शीतपेटी, तिच्यावर बसायला जागा. पुढे डॉक्टरीणबाई कुत्री-मांजरं तपासतात आणि माझ्या कामाचं असेल ते मागे पाठवतात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी एका मुलीला पाठवलं. टॉवेलात गुंडाळलेलं पांढरं मांजर, पोट टम्म. मुलीनं नाव सांगितलं, आडनाव गिळलं. पण काही सुचेनासं झालं की खालचा ओठ चिमटीत ओढायची खोड कुणाची, ते मला वेगळं सांगायला नको होतं. एवढा उशीर का केलास, म्हणून मी जरा रागावलेच. ती म्हणाली, “बाबांना दाखवलं होतं. ते म्हणाले, पोट सुटलंय, खायला कमी घाल.”

वा रे तज्ज्ञ! जगाला कोरोना समजावून सांगत होतास आणि तो तुझ्या सोफ्यावर, तुझ्या मांडीवर येऊन बसला होता.

औषध दिलं. साथीत माणसांना दिलेल्याच घराण्यातलं आणि मांजरांवर त्याआधीच तपासलेलं. हे तू भाषणात कधी सांगत नाहीस. पण वेळ निघून गेली होती. मांजर गेल्यावर ती खूप रडली. मग चेहरा धुऊन आली आणि म्हणाली, “मावशी, औषध विषाणूपर्यंत पोहोचलंच नाही, की पोहोचून उपयोग झाला नाही? उघडून बघता येईल?” तिनं लाडानं वाढवलेलं मांजर होतं ते. आम्ही उघडलं. ते पिवळं, चिकट पाणी बघून ती बाहेर पळाली, ओकली आणि परत येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. अजून येते. तुझ्या बायकोला ठाऊक आहे, तुला नाही.

आता या पत्राचं कारण. तू तिच्यासाठी तुझ्या संस्थेत जागा धरून ठेवली आहेस. येत्या रविवारी जेवताना ती तुला नाही म्हणणार आहे. तिला माझ्याकडेच शिकायचं आहे. त्यावरून तू काय तमाशा करायचा तो कर. पण तिची समजूत अशी आहे, की बाबा बिचारे माणसांचे डॉक्टर, त्यांना मांजराचं काय कळणार. तिनं तुला कधीच माफ करून टाकलंय. तुझी बोटं काय ओळखायची ते मी तिला सांगितलेलं नाही, तुझी लाज राखायला नव्हे, तिच्यासाठी. तू त्या पोटाला हात लावलाच नव्हतास, की लावूनही तुला कळलं नाही, हे मला माहीत नाही. दोन्हींतलं काय जास्त वाईट, तेही ठरवता येत नाही. पण माझ्या टेबलावरचे जुने शोधनिबंध ती वाचायला लागली आहे आणि आपण दोघांनी लिहिलेल्यांवर तुझं नाव आहे. पुढच्या गठ्ठ्यात तिला ते सापडेल. त्याआधी, रविवारी, तूच सांग. टीव्हीवर बोलतोस तसं नको, खरं सांग.

तुझीच (सवयीनं लिहिलं गेलं, आता खोडत बसत नाही),
मांजरवाली