कापसाचा अणू

रविवार, ९ नोव्हेंबर
सकाळचे साडेदहा

चि. खारू,

बाबांचे आशीर्वाद. औषधं वेळेवर घेतो आणि दोन्ही वेळा जेवतो. तुझे फोनवरचे दोन प्रश्न आधीच निकालात काढले. ते संपले की आपल्याकडे बोलायला काही उरत नाही, म्हणून आज पत्र.

गुडघे कुरकुर करतात, मी लक्ष देत नाही. तुझी आई गेल्यापासून घरात रेडिओ चालू ठेवतो. ऐकत नाही, नुसता आवाज हवा असतो.

मंगळवारी शाळेत गेलो होतो. प्रयोगशाळेतलं जुनं कपाट काढणार आहेत. विज्ञानाच्या नव्या बाईंचा निरोप आला, ‘सर, तुमची मॉडेलं घेऊन जा, नाहीतर भंगारात जातील.’ तीस वर्षं ज्यांच्या जिवावर वर्ग गाजवला, ती सगळी एका खोक्यात मावली. पहिला लाकडी गोळा. अणू म्हणजे न फुटणारा कण, असं समजत होते तेव्हाचा. मग मातीचा गोळा, त्यात तुझ्या आईच्या तुटलेल्या माळेचे मणी खोचलेले. अणूच्या पोटात इलेक्ट्रॉन असतात हे कळलं तेव्हाचा. ज्या गुरूने तो कल्पिला, त्याच्याच शिष्याने तो मोडीत काढला. सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रात, बाकी सारी पोकळी. मग त्या शिष्याच्या हाताखालच्या एकाने इलेक्ट्रॉनना ठरावीक कक्षा आखून दिल्या, ते माझं तारेच्या कड्यांचं मॉडेल. माझं लाडकं. अजून एकही कडं वाकलेलं नाही.

माझा वर्गातला हुकमी किस्सा आठवतो? इलेक्ट्रॉन हा कण आहे हे ज्याने शोधलं, त्याच्याच मुलाने पुढे तो लाटेसारखा वागतो हे दाखवलं. ‘बघा, बापाचं न ऐकणारी पोरं तेव्हाही होती!’ असं म्हटलं की वर्ग हमखास हसायचा. तू पहिल्या बाकावर होतीस. तू हसायची नाहीस.

खोकं बांधताना शिपाईमामा म्हणाले, “सर, मागच्या कोपऱ्यात उंदरानं घर केलंय वाटतं.” मी हात घातला. कापसाचा गोळा निघाला, आत मोहरीचा दाणा. पंधराव्या वर्षी तू केलेला अणू. मी त्याला ‘उशीतला कापूस’ म्हणालो होतो आणि कड्यांच्या मागे सारला होता.

परवा फोनवर नातीने विचारलं, “आजोबा, अणू कसा दिसतो हो?” मी तोंड उघडेपर्यंत मागून तुझा आवाज आला, “पुस्तकात आहे तेच सांगतील ते.” तू सहज बोललीस. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दहावीला शाळेनेच घेतलेल्या शेवटच्या परीक्षेत, बोर्डाच्या आधी, तू कक्षांची आकृती काढून खोडली होतीस आणि नुसते ठिपके दिले होतेस, मध्ये दाट, कडेला विरळ. खाली लिहिलं होतंस, इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे हे सांगता येत नाही, कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच सांगता येतं. मी पाचपैकी शून्य दिलं. घरी तू विचारलंस, “बाबा, माझं चुकलं का?” मी म्हणालो, “पुस्तकात नाही, म्हणजे चूक.” विज्ञान महाविद्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या जागेसाठी त्या परीक्षेवरून शाळेतून एकच नाव जायचं. तीन गुणांनी डॉक्टरांच्या मुलाचं गेलं. सगळे शिक्षक म्हणाले, बाप असावा तर असा, लेकीलाही सूट नाही. माझी छाती फुगली. तू मुकाट्याने कॉमर्सला गेलीस. घरात पुन्हा कधी विज्ञानाचं नाव काढलं नाहीस.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं मी तुझ्या आईलाही सांगितलं नाही.

शून्य दिल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो. जाडजूड पुस्तक काढलं, उभ्या उभ्याच वाचलं. तू लिहिलं होतंस तेच तिथे होतं, आकृतीसुद्धा तशीच. गुणांची यादी शाळेत द्यायला अजून एक दिवस बाकी होता. तुझी उत्तरपत्रिका माझ्या पिशवीत होती, लाल पेन खिशात होतं. मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि घरी आलो.

न्याय, शिस्त, सगळं सांगण्यापुरतं. पंधरा वर्षांच्या पोरीला कळलं ते तिच्या मास्तरांना माहीत नव्हतं, याची मला लाज वाटली. तो किस्सा मी वर्षानुवर्षं सांगत होतो, पण लाट म्हणजे काय हे कधी नीट वाचलंच नव्हतं. माझी लाज झाकायला मी तुझी वाट अडवली. तू भेटलीस की मला वाचनालयातल्या पुस्तकाचं ते पान दिसतं, म्हणून मीही फोन लवकर ठेवतो. तुला वाटत असेल, बाबांना कंटाळा येतो. तसं नाही गं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून असतो.

माफ कर, असं लिहायला घेतलं होतं. पण तो शब्द तुझ्यावर ओझं टाकेल. तू काहीच कळवलं नाहीस तरी मी समजेन. कळवलंस तर मात्र बरं वाटेल, हे खोटं कशाला बोलू.

सोबत पार्सल आहे. कापसाचा अणू मी झटकलेला नाही, उगाच दाणा पडायचा. नातीला तो तूच समजावून सांग. मला जमणार नाही, आणि तो मान तुझाच आहे.

तळाशी तुझी उत्तरपत्रिका आहे. तेवीस वर्षं माझ्या कपड्यांखाली होती. त्या उत्तरापुढे आज पाच गुण लिहिले आहेत. शून्य खोडलेलं नाही. ते माझं आहे, माझ्या नावावर राहू दे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
बाबा